न्यूटन आणि एक अनुत्तरित प्रश्न

शाळेच्या पुस्तकात न्यूटनच्या धड्याशेजारी एक चित्र हमखास असते. झाडाखाली बसलेला, खांद्यापर्यंत केस रुळणारा इंग्रज आणि त्याच्या पायाशी पडलेले सफरचंद. सफरचंद पडले, न्यूटन विचारात पडला आणि गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला, अशी ही कथा तीन वाक्यांत संपते. मीही ती पाठ करून परीक्षेत लिहिली आणि गुण मिळवले. पुढे मी कला शाखेकडे वळले, तेव्हा गणिताबरोबर न्यूटनचाही निरोप घेतला असेच मला वाटले होते. परंतु यंदा तर्कशास्त्राच्या तासाला कार्यकारणभाव शिकवताना आमच्या सरांनी सहज सांगितले, की एखादी गोष्ट कशी घडते हे सांगणे वेगळे आणि ती का घडते हे सांगणे वेगळे. आणि हा भेद ज्याने शास्त्राला शिकवला त्यांत न्यूटनचे नाव अग्रभागी आहे. ते ऐकून मी ग्रंथालयातून त्याचे चरित्र घेतले. सफरचंदाचे रहस्य उलगडणारा विजयी वीर भेटेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात भेटला तो एका प्रश्नामागे पन्नास वर्षे फिरणारा आणि उत्तर मिळाले नाही तेव्हा तसे स्पष्ट लिहून ठेवणारा माणूस. त्या माणसाची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

आयझॅक न्यूटनचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील वूल्सथॉर्प या खेड्यात, तेथील त्या वेळच्या पंचांगानुसार २५ डिसेंबर १६४२ रोजी झाला. त्याचे वडील शेतकरी होते आणि मुलाच्या जन्माआधीच सुमारे तीन महिने वारले होते. घर खाऊनपिऊन सुखी असले तरी वडिलांना स्वतःची सहीसुद्धा करता येत नव्हती. हे वाक्य वाचले तेव्हा मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. माझे आजोबा आयुष्यभर अंगठा उठवत आले, आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. ज्याचे नाव जगातल्या प्रत्येक शाळेत घेतले जाते, त्याच्या बापालाही अक्षर फुटले नव्हते, ही गोष्ट आम्हाला शाळेत कोणी सांगितली नव्हती. सफरचंदापेक्षा ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

न्यूटन तीन वर्षांचा असताना आईने एका वयस्क पाद्र्याशी दुसरे लग्न केले आणि मुलाला आजीजवळ ठेवून ती शेजारच्या गावी गेली. १६५३ साली तो पाद्री वारल्यावर ती तीन मुले घेऊन परत आली. बाराव्या वर्षी आयझॅकला ग्रँटहॅमच्या शाळेत घालण्यात आले आणि तेथे तो एका औषधविक्रेत्याच्या घरी राहू लागला. तो सतरा वर्षांचा होत आला, तेव्हा आईने त्याला शेती सांभाळण्यासाठी घरी बोलावले. पोरगा मेंढ्या राखायला जाई, पण पुस्तकात डोके खुपसून बसे आणि मेंढ्या लोकांच्या पिकात शिरत. शेवटी शाळेचे मुख्याध्यापक स्टोक्स आणि केंब्रिजला शिकून आलेला मामा या दोघांनी आईचे मन वळवले. आमच्या भागात बारावी झाली की आता पुरे, घरचे बघा, असे म्हणणारे पुष्कळ असतात. शिकू द्या म्हणणारा एखादाच निघतो. स्टोक्स हे नाव इतिहासात फारसे कुणाला ठाऊक नाही. पण त्या एका मास्तराने आईच्या नकाराला होकाराकडे वळवले नसते, तर वूल्सथॉर्पला फार तर एक निष्काळजी शेतकरी लाभला असता.

१६६१ साली न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, तो सबसायझर म्हणून. सबसायझर म्हणजे शिक्षणाच्या सवलतीच्या बदल्यात वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची सेवाचाकरी करणारा विद्यार्थी. आपल्याकडील कमवा आणि शिका योजनेची येथे आठवण होते. परंतु आपल्या योजनेत श्रमाला प्रतिष्ठा आहे, तेथे ती नव्हती. आई सधन असूनही तिने खर्चाला हात आखडता घेतला होता. एकलकोंडा न्यूटन अधिकच एकटा झाला आणि वह्यांत रमू लागला.

याच काळातील, सुमारे १६६४ मधील त्याची एक वही आजही जपून ठेवलेली आहे. तिच्यात त्याने स्वतःलाच विचारलेले प्रश्न मथळे पाडून लिहिले आहेत. त्यांतील एक प्रश्न जडपणाविषयी आहे. वस्तू खाली का पडते? त्या वेळी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या मताचा युरोपात दबदबा होता. देकार्तचे म्हणणे असे, की एका वस्तूने दुसरीला हलवायचे तर स्पर्श हवा, धक्का हवा. दुरून ओढणे ही जादूटोण्याची भाषा झाली. म्हणून त्याने सारे आकाश सूक्ष्म द्रव्याने भरलेले मानले. त्याचे प्रचंड भोवरे फिरतात आणि नदीच्या भोवऱ्यात काडी फिरावी तसे त्या भोवऱ्यांत ग्रह सूर्याभोवती फिरतात. विद्यार्थिदशेतील न्यूटनलाही हीच वाट पटली होती. एखादा अतिसूक्ष्म पदार्थ वरून पृथ्वीकडे सतत वाहत असावा, वस्तूंच्या छिद्राछिद्रांतून जाताना तो त्यांना खाली रेटत असावा, असे त्याने मांडून पाहिले. इतकेच नव्हे, तर हा प्रवाह अडवता आला तर पाणचक्कीसारखे कायम फिरणारे चाक करता येईल का, हेही त्याने वहीत टिपले. म्हणजे आकर्षणाचा महान प्रवर्तक आरंभी ढकलण्याच्या पक्षाचा होता!

१६६५ साली प्लेगच्या साथीमुळे विद्यापीठ बंद पडले आणि न्यूटन गावी परतला. सफरचंद पडताना पाहून आलेला विचार याच काळातला, असे त्याने म्हातारपणी आपल्या एका परिचिताला सांगितले होते. परंतु खरी गोष्ट सफरचंदाची नसून चंद्राची आहे. फळाला खाली आणणारी शक्ती चंद्रापर्यंत पोचत असेल काय? चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. ही शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असेल, तर तेथे ती ३६०० पट क्षीण असली पाहिजे. झाडावरून सुटलेले फळ पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर पडते. चंद्रही सरळ रेषेत निघून जाण्याऐवजी पृथ्वीकडे सतत वळत असतो, आणि हे वळणे म्हणजे एका अर्थाने पडणेच. हिशेब केला तर चंद्र एका मिनिटात सुमारे ५ मीटरच पडतो! फळाचे पडणे आणि चंद्राचे फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हा हिशेब नीट जुळायला आणि त्यामागील तत्त्व पक्के व्हायला मात्र आणखी जवळजवळ वीस वर्षे गेली.

मधल्या काळात, १६६९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो केंब्रिजला गणिताचा प्राध्यापक झाला होता. १६८४ च्या ऑगस्टमध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली त्याला भेटायला आला. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असेल तर ग्रहाचा मार्ग कोणता असेल, असा त्याचा प्रश्न होता. लंबवर्तुळ, हे उत्तर न्यूटनजवळ तयारच होते. त्याची सिद्धता मात्र कागदांच्या ढिगात सापडेना. हॅलीच्या आग्रहामुळे ती पुन्हा लिहिली गेली आणि तीच वाढत वाढत १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ हा लॅटिन ग्रंथ झाला. छपाईचा खर्च हॅलीने स्वतः सोसला, कारण रॉयल सोसायटीने आपले पैसे माशांवरील एका मोठ्या पुस्तकात घालवले होते.

या ग्रंथाचा दुसरा खंड वाचक सहसा वगळतात, असे म्हणतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व त्याचेच आहे. त्यात न्यूटनने देकार्तच्या भोवऱ्यांची परीक्षा घेतली. द्रव्याचा भोवरा कसा फिरेल याचे गणित मांडले, तर ग्रहांचे वेग केप्लरच्या नियमांशी जुळत नाहीत. शिवाय धूमकेतू कोणत्याही दिशेने येतात. १६८२ साली दिसलेला, पुढे हॅलीच्या नावाने प्रसिद्ध झालेला धूमकेतू तर ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. आकाशात द्रव्याचा लोंढा असता तर त्याने या धूमकेतूला केव्हाच आपल्याबरोबर ओढून नेले असते. अवकाशात गतीला जाणवण्याजोगा अडथळाच नाही, हा न्यूटनचा निष्कर्ष होता.

येथे खरा वाद पेटला. हॉलंडचा हायगेन्स आणि जर्मनीचा लायब्निट्स हे काही सामान्य विरोधक नव्हते. न्यूटनचे गणित त्यांनी वाखाणले, पण मधल्या रिकाम्या जागेतून सूर्य पृथ्वीला ओढतो तरी कसा, असा त्यांचा सवाल होता. दोर नाही, काठी नाही, हात नाही! ज्या गूढ शक्तींना नव्या शास्त्राने दारातून बाहेर काढले, त्यांनाच न्यूटन खिडकीतून आत घेत आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा सूर होता. मला हा आक्षेप मुळीच क्षुद्र वाटत नाही. कारण मागणे हा बुद्धीचा हक्कच आहे.

या आक्षेपाला सर्वांत चतुर उत्तर दिले ते न्यूटनच्याच एका तरुण मित्राने. निकोला फातियो हा स्वित्झर्लंडमधील पंचविशीतला गणिती १६८९ साली लंडनमध्ये न्यूटनला भेटला आणि दोघांचा विलक्षण स्नेह जमला. १६९० साली फातियोने रॉयल सोसायटीपुढे आपली उपपत्ती वाचली. ती अशी: अवकाशात अतिसूक्ष्म कण प्रचंड वेगाने सर्व दिशांनी धावत असतात. एकटी वस्तू असेल तर तिला चोहोबाजूंनी सारखाच मार बसतो आणि ती जागची हलत नाही. पण दोन वस्तू समोरासमोर आल्या की प्रत्येक वस्तू दुसरीला थोडा आडोसा देते. आतल्या बाजूने कमी कण लागतात, बाहेरून पूर्वीइतकेच. म्हणून दोन्ही वस्तू एकमेकींकडे ढकलल्या जातात. आपण मात्र म्हणतो, की त्या एकमेकींना ओढतात. अंतर दुप्पट झाले की आडोसा चौथाईवर येतो, म्हणजे न्यूटनचा वर्गाचा नियमही आपोआप निघतो. वजन केवळ पृष्ठभागावर नव्हे, तर आतल्या साऱ्या द्रव्यावर अवलंबून असते. म्हणून फातियोने सर्व वस्तू चाळणीसारख्या मानल्या. बहुतेक कण आरपार जातात, थोडेच अडतात. किती सुंदर कल्पना! ना जादू, ना अदृश्य दोर.

फातियोच्या हस्तलिखितावर न्यूटन, हॅली आणि हायगेन्स या तिघांच्याही सह्या आहेत. धक्क्यांनीच गुरुत्वाचा उलगडा करायचा तर हा एकच मार्ग संभवतो, अशा आशयाची नोंद न्यूटनने केली होती. त्याच वेळी, न्यूटन आणि हॅली या उपपत्तीला हसतात, असे त्यांच्या परिचयाच्या एका गणितज्ञाने १६९१ साली टिपून ठेवले. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतील, पण मला तसे वाटत नाही. मित्राच्या कल्पनेचे कौतुक करणे वेगळे आणि ती सत्य म्हणून आपल्या ग्रंथात घेणे वेगळे. न्यूटनने पहिले केले, दुसरे केले नाही.

का केले नाही, हे समजायला आपला पावसाळा पुरे. वारा नसताना पावसात उभे राहिले तर डोके भिजते. पण सायकल जोरात हाणली की छातीकडचा सदरा आधी ओला होतो. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावते. कणांचा पाऊस चोहोबाजूंनी असला तर तिला पुढून अधिक आणि मागून कमी मार बसेल. तिचा वेग मंदावत जाईल आणि ती हळूहळू सूर्याकडे घसरेल. प्रत्यक्षात तसे काहीच दिसत नाही. फातियोला ही अडचण माहीत होती. कण जितके वेगवान आणि विरळ मानावेत तितका हा अडथळा कमी होतो, असे त्याने दाखवले. त्याचे गणितही बरोबर होते. पण त्या गणितात पुढे किती मोठी अडचण दडली होती, ते कळायला पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

१६९३ साली न्यूटनचे मानसिक स्वास्थ्य ढळले. झोप उडाली आणि त्याने जवळच्या मित्रांना विचित्र आरोपांची पत्रे लिहिली. भानावर आल्यावर त्यांची क्षमाही मागितली. याच सुमारास फातियोशी असलेला स्नेह विरला. चरित्रकारांना या आजाराचे एकच कारण ठरवता आलेले नाही. पुढे न्यूटन लंडनला टाकसाळीचा अधिकारी झाला, १७०३ साली रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १७०५ साली सर झाला. फातियो मात्र एका धर्मवेड्या पंथाच्या नादी लागला. १७०७ साली लंडनमध्ये त्याला भर चौकात खोड्यात उभे करण्यात आले. १७५३ साली तो वारला, तोवर त्याचा गुरुत्वावरील लेख छापलाही गेला नव्हता.

न्यूटन हा काही संत नव्हता. हूक आणि लायब्निट्स यांच्याशी झालेल्या भांडणांत त्याने मनाचा मोठेपणा दाखवला नाही. परंतु ज्या प्रश्नावर त्याला सर्वाधिक टोचले गेले, त्या प्रश्नावर तो फार सरळ वागला. रिचर्ड बेंटली या विद्वान धर्मोपदेशकाला १६९२–९३ मध्ये लिहिलेल्या पत्रांत त्याने कळवले, की मध्ये काहीच माध्यम नसता एका जड वस्तूने दुसरीवर दुरून परिणाम करावा हे आपल्यालाही पटत नाही. म्हणजे विरोधकांची शंका त्याची स्वतःचीही होती. १७१३ साली ‘प्रिन्सिपिया’ची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या शेवटी त्याने नमूद केले, की गुरुत्वाचे कारण आपल्याला घटनांवरून काढता आलेले नाही आणि त्याबद्दल आपण कल्पना रचत बसणार नाही. १७१७ साली ‘ऑप्टिक्स’च्या नव्या आवृत्तीत पंचाहत्तरीकडे झुकलेल्या या वृद्धाने पुन्हा ईथरची कल्पना मांडून पाहिली, पण ती सिद्धांत म्हणून नव्हे, तर प्रश्नचिन्ह लावून, प्रश्नांच्या यादीत. १६६४ च्या वहीतला प्रश्न अजून प्रश्नच होता. २० मार्च १७२७ रोजी न्यूटनचे निधन झाले. सही न करता येणाऱ्या शेतकऱ्याच्या या मुलाला वेस्टमिन्स्टर ॲबीत सन्मानाने पुरण्यात आले.

वाद मात्र त्याच्याबरोबर पुरला गेला नाही. जिनिव्हाच्या ल साज नावाच्या शिक्षकाने (१७२४–१८०३) हीच कणांची उपपत्ती पुन्हा उभी केली आणि तिच्यासाठी आयुष्य वेचले. वडील परदेशी असल्यामुळे त्याला आपल्याच गावी वैद्यकी करता आली नव्हती. स्मरणशक्ती दगा देई म्हणून तो पत्त्यांच्या पाठीवर टिपणे लिहून ठेवी; असे हजारो पत्ते मागे राहिले आहेत. १८७३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ केल्व्हिनने या उपपत्तीला उजाळा दिला. परंतु १८७५ साली मॅक्सवेलने तिच्या मर्मावरच बोट ठेवले. आडोसा निर्माण व्हायचा तर कणांनी आपल्या गतीचा काही भाग वस्तूत सोडला पाहिजे. ही गती उष्णता होऊन उरेल. ग्रहांना अडथळा होऊ नये म्हणून कण जितके वेगवान मानावे तितकी ही उष्णता वाढत जाते. मग पृथ्वी केव्हाच तापून वितळली असती. १९०८ साली फ्रान्सच्या प्वँकारेने आकडे घालून तेच दाखवले. अडथळा टाळावा तर आग, आग टाळावी तर अडथळा! अमेरिकन शास्त्रज्ञ फाइनमन यांनीही १९६४ साली कॉर्नेल विद्यापीठातील व्याख्यानांत ही उपपत्ती समजावून देऊन पृथ्वीच्या चालीला होणाऱ्या अडथळ्यापाशीच ती कोसळते, हे पावसाच्याच उदाहरणाने दाखवले.

१९१५ साली आइन्स्टाइनने निराळीच वाट दाखवली. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांनाच वक्रता येते, आणि ग्रह त्या वक्रतेला अनुसरून चालतात. बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ विकला एवढा जो फरक न्यूटनच्या नियमाने सुटत नव्हता, तो या सिद्धांताने सुटला. वस्तूंच्या प्रचंड हालचालींमुळे अवकाशात लहरी उठतात, हे त्याचे भाकीतही १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील यंत्रांवर खरे ठरले. अशा लहरी टिपणारी प्रयोगशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या एसटीच्या रस्त्यावर न्यूटनचा प्रश्न येऊन ठेपला आहे, हे वाचून मला मोठे नवल वाटले. कारण आइन्स्टाइननंतरही का हा शब्द संपलेला नाही. वस्तुमानाने अवकाश वाकावेच का, असे कोणी विचारले तर पुन्हा तोच डोंगर समोर उभा राहतो.

न्यूटनचे चरित्र वाचून मी काय घेतले, असे कोणी विचारले तर माझे उत्तर साधे आहे. ज्या घरात पुस्तक नव्हते तेथून आलेल्या आम्हा मुलामुलींना वर्गात एक धास्ती सतत असते. विचारलेल्याचे उत्तर आले नाही, तर आपण येथले नव्हेतच असे इतरांना वाटेल. मग आम्ही गाइडमधले उत्तर पाठ करतो. ते खरे आहे की नुसतेच सुबक आहे, हे पाहत नाही. फातियोचे उत्तर सुबक होते. ते जवळच्या मित्राचे होते आणि न्यूटनची टीकाकारांपासून सुटका करणारे होते. तरीही ते ग्रहांच्या चालीशी ताडून सिद्ध झाले नव्हते, म्हणून त्याने ते सत्य म्हणून छापले नाही. जेवढे मोजले तेवढे ठामपणे सांगितले. उरलेल्या जागेवर ती रिकामी आहे असे लिहून ठेवले आणि शोध चालू ठेवला. त्या रिकाम्या जागेमुळेच पुढच्यांना तेथे काम करता आले. आपल्या उत्तरपत्रिकेत अशा रिकाम्या जागेला गुण मिळत नाहीत हे खरे. तरी प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, की वर्षातून एखादा तास तरी ज्या प्रश्नांची उत्तरे अजून कोणालाच आलेली नाहीत, अशा प्रश्नांसाठी राखून ठेवावा. त्या तासाला आम्ही सारे, पहिल्या बाकावरचे आणि शेवटच्या बाकावरचे, एकाच पंगतीत बसलेले असू.